सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल असा धबधबा कोणता?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं धबधब्याचीच आहेत. पाऊस जरा बरा झाला की आपल्या मराठवाड्यात सगळ्यांना एकदम पाणी बघायची ओढ लागते आणि लागणारच, उन्हाळाभर टँकरची वाट बघितलेली माणसं आपण. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जालन्याहून लिहितेय. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीला चालतात पण पायऱ्या म्हणलं की घाबरतात. मुलगा ७ वर्षांचा, एका जागी थांबतच नाही. परवा मोबाईलवर धबधब्याचा व्हिडिओ बघून सासूबाई म्हणल्या, "सगळा जन्म रानात गेला पण असं पडणारं पाणी जवळून कधी बघितलं नाही बाई." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. मिस्टर म्हणतात त्यांना घरी ठेवू, कशाला उगं त्रास. मला त्यांना न्यायचंच आहे. सोप्या वाटेचा धबधबा सांगा ना.

उत्तर : न्या, नक्की न्या. तुमचं पत्र वाचलं आणि मला माझी आई आठवली. तिलाही आम्ही "कशाला त्रास" म्हणत म्हणत दोन-तीन पावसाळे घरीच ठेवलं आणि मग एकदा कपिलधारला नेलं तर ती पाण्यासमोर काही न बोलता नुसती बसून राहिली, पदर भिजला तरी उठेना, आणि नंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. पण त्या दिवशी आमची एक चूक झाली ती तुम्हाला सांगते. पायऱ्या उतरताना ती हळूहळू उतरली, आम्हाला वाटलं झेपतंय की, म्हणून आणखी खाली नेलं, आणि रात्री घरी आल्यावर तिचे गुडघे टम्म सुजले. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो पण दुखऱ्या गुडघ्यावर जास्त भार येतो तो उतरतानाच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेव्हापासून कोणी "एकदम इझी ट्रेल आहे" म्हणलं की मी तीनच गोष्टी विचारते. पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का, मधे बसायला जागा आहे का, आणि अर्ध्यातून परत फिरलं तरी तिथून पाणी दिसतं का. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण म्हातारं माणूस आपल्यासाठी म्हणून ओढत येतं, थांबा म्हणत नाही. अर्ध्यातूनही पाणी दिसत असेल तर "बास, इथूनच छान दिसतंय" म्हणायला त्यांना संकोच वाटत नाही.

आता जागेचं. बीड-जामखेड रस्त्यावरचा सौताड्याचा धबधबा बघायला लई भारी, विंचरणा नदी एकदम दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. वरच्या कड्याच्या बाजूनं सगळं दिसतं, पण मंदिरापर्यंत जायचं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, आणि तिथवर जाऊन मंदिरात जायचं नाही हे सासूबाईंना पटणार नाही. कपिलधार मांजरसुंब्याजवळ, मन्मथ स्वामींची समाधी तिथंच आहे, दर्शन आणि धबधबा दोन्ही होतं पण तिथंही उतार आहेच, माझा अनुभव वर सांगितलाच.

म्हणून जालन्याहून तुमच्यासाठी मी अजिंठा सांगेन. हो, लेण्यांचंच अजिंठा. लोक लेणी बघून परत येतात आणि त्यांच्या लक्षातच येत नाही की ती सगळी रांग एका नदीनं कोरलेल्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर बसलीय. ती वाघोरा नदी, आणि वळणाच्या वरच्या टोकाला ती टप्प्याटप्प्यानं खाली येते, त्यालाच सप्तकुंड म्हणतात. म्हणजे लेणी बघत बघत पुढं गेलं की समोर धबधबा. उन्हाळ्यात गेलात तर तिथं कोरडा काळा कडा असतो, त्यामुळं उन्हाळ्यात गेलेल्यांना हे सांगूनही खरं वाटत नाही.

वाट कशी आहे ते नीट सांगते. भोकरदन-सिल्लोडवरून फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली गाडी लावायची, तिथून पुढं साधारण ४ किलोमीटर त्यांच्या बसनं. तिकिटानंतर सुरुवातीचा जो चढ आहे ना पायऱ्यांचा, तोच खरा अवघड, तो पार केला की पुढं लेण्यांसमोरून फरसबंद वाट आहे, मधेमधे थोड्या पायऱ्या येतात पण बरीचशी वाट चालण्यासारखी, आणि दरीच्या बाजूला कठडा. त्या सुरुवातीच्या चढासाठी डोली मिळते, चार माणसं खुर्ची खांद्यावर घेऊन नेतात. भाडं आधी नीट ठरवून घ्या, जाऊन-येऊन किती आणि वर किती वेळ थांबणार तेही. सासूबाई डोलीत बसायला लाजतील, मी काय एवढी म्हातारी झाले का म्हणतील, तर त्यांना आग्रह करू नका, फक्त सांगा की लोक बसतात आणि पुढं तुमची मर्जी. आणि नाहीच चढायचं म्हणाल्या तरी खाली नदीकाठी बाग आहे, तिथं बसून नदीचा आवाज ऐकता येतो, वर लेण्यांची रांग दिसते, तोही दिवस वाया जात नाही.

एक गोष्ट चपलांची. पावसात ग्रिपचे बूट घाला असं सगळे सांगतात ते बरोबरच आहे, पण अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत पायातलं बाहेर काढावं लागतं, मग दरवेळी खाली वाकून लेस सोडा आणि बांधा, त्या गुडघ्यांना तेच नको असतं. मागं पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल बेस्ट. साडी घोट्याच्या जरा वर नेसायला सांगा, ओली कड पायात येते. छत्रीपेक्षा रेनकोट, एक हात काठीला आणि एक हात तुमच्या हातात राहतो.

पोराचं म्हणाल तर एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा. म्हणजे मिस्टर. सासूबाईंचा हात धरून पोरावर पण लक्ष ठेवू असं होत नाही. सगळी २९-३० लेणी बघायचा हट्ट करू नका, १, २, १६, १७ मधली चित्रं आणि शेवटाकडं २६ नंबरमधला आडवा पहुडलेला बुद्ध एवढं शांतपणे बघा, तोपर्यंत धबधबा आलाच. आणि हे पोराला जरूर सांगा की जुन्या काळी बौद्ध भिक्खू वर्षभर गावोगाव फिरायचे पण पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचे, त्याला वर्षावास म्हणतात, आणि डोंगरातली अशी लेणी अशा मुक्कामासाठी फार उपयोगाची. म्हणजे पाऊस पडतोय, समोर वाघोरा वाजतेय आणि आपण दगडाच्या ओसरीत कोरडे उभे आहोत, हे जे तुम्ही अनुभवाल तेच दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथंच उभं राहून अनुभवलंय. मला तर अजिंठा पावसाळ्यातच खरा कळला.

सोमवारी अजिंठा बंद असतं, तेवढं बघून निघा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, बसच्या रांगेत उभं राहण्यातच त्यांचे गुडघे संपतील. सकाळी लवकर निघा आणि परत यायला घाई करू नका.

प्रश्न : मी परभणीचा, कॉलेजला आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही पाच मित्र गाड्या काढून सहस्रकुंडला गेलो, एवढं लांब, आणि पाणीच नव्हतं, नुसते काळे खडक. यावर्षी परत प्लॅन करायलोत. पाणी असेल की नाही हे आधी कसं कळणार?

उत्तर : जूनमध्ये गेलात तिथंच चुकलं बाळा. रीलमधले धबधबे सह्याद्रीचे असतात, तिकडं जूनमध्येच डोंगर वाहायला लागतो. आपण सह्याद्रीच्या पलीकडं, पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, कोकणात तेवढा एका महिन्यात पण पडतो. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला केवढाल्या भेगा पडलेल्या असतात तुला माहीत असेल, पहिले पाऊस ती सगळे पिऊन टाकते, भेगा मिटतात, माती पोटभर भिजते आणि मगच वरचं पाणी ओढ्याला लागतं. म्हणून आपल्याकडं पेरणी झाली म्हणजे धबधबा सुरू झाला असं नसतं. ओढे-नाले वाहायला लागले, विहिरींना पाणी चढलं, की मग समजायचं. बहुतेक वर्षी जुलैचा शेवट ते सप्टेंबर हा आपला काळ, आणि सप्टेंबर तर खास, कारण बंगालच्या उपसागरातून येणारा पाऊस तेव्हा आपल्याला चांगला भिजवतो.

सहस्रकुंडची आणखी एक गोष्ट वेगळी आहे, ती डोंगरातल्या ओढ्याची धार नाही, आख्खी पैनगंगा नदी खडकांवरून शेकडो धारांनी खाली पडते, नावच त्यावरून. आणि त्याच नदीवर वरच्या बाजूला इसापूरचं धरण आहे. म्हणजे पाण्याचा हिशोब फक्त तिथल्या पावसावर नाही, खाली पाऊस कमी असला पण धरणाचे दरवाजे उघडले की नदी एकदम फुगते. तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी पेपरात किंवा बातम्यांत इसापूरच्या विसर्गाचं काय चाललंय ते बघ, किनवट-हिमायतनगरकडं कोणी ओळखीचं असेल तर सरळ फोन कर, घाटातल्या चहावाल्याएवढं खरं कोणतंच अॅप सांगत नाही. विसर्ग सुरू असेल तेव्हा धबधबा सगळ्यात मोठा दिसतो आणि तेव्हाच तो सगळ्यात लांबून बघायचा.

वाट काही अवघड नाही, इस्लापूरच्या बाजूनं गाडी बरीच जवळ जाते, पंचमुखी महादेवाचं मंदिर आहे, पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर विदर्भ, उमरखेड तालुका. दोन्हीकडून बघता येतं. आणि पाच जणांनी गाड्यांवर एवढं लांब पावसात जाण्यापेक्षा रेल्वेचा विचार कर, मुदखेड-आदिलाबाद लाईनवर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे, तुमची गाडी तिथं थांबते का ते आधी बघून घे.

ते काळे खडक मात्र बेकार म्हणू नकोस हं. तो बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून झालेला, जवळजवळ आख्खा मराठवाडा त्याच्यावर बसलाय. थर सगळे सारखे कठीण नसतात, खालचा मऊ थर पाण्यानं लवकर झिजतो, वरचा टणक थर कड्यासारखा पुढं राहतो आणि नदी तिथून उडी मारते. पाणी नसताना तो आकार नीट बघायला मिळतो, तू बघितलायस, आता पाण्यासकट बघशील तेव्हा ओळखता येईल.

प्रश्न : आम्ही बीडचे सहा-सात जण दरवर्षी धबधब्याला जातो. सगळ्यांना विहिरीत पोहून पोहून सवय आहे. घरचे म्हणतात कुंडात उतरायचं नाही. पोहता येत असेल तर उतरायला काय हरकत आहे? खरं सांगा.

उत्तर : खरं सांगते, उतरू नका. विहिरीचं पोहणं वेगळं. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं, तळ माहीत असतो, कडेला पायऱ्या नाहीतर दोर असतो. धबधब्याखालच्या कुंडात वरून पडणाऱ्या पाण्यासोबत एवढी हवा मिसळते की ते पांढरं फेसाळ पाणी अंग तोलून धरत नाही, पट्टीचा पोहणारा पण त्यात बुडतो. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन गोल फिरतं आणि माणसाला परत धारेखालीच ओढतं. वर सांगितला ना तो मऊ थर, तो झिजून कड्याच्या खाली आत कपारी झालेल्या असतात, त्यात अडकलं की वर यायला वाट नाही. यात कोणाच्या पोहण्याचा, ताकदीचा काही दोष नाही, ते पाणीच तसं आहे.

आणि फक्त कुंड नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही घरचेच आठ-नऊ जण बालाघाटातल्या एका ओढ्याच्या पात्रात दगडांवर बसून डबा खात होतो. पाणी घोट्याएवढं, ऊन पडलेलं, आभाळ स्वच्छ. वरच्या अंगानं शेळ्या घेऊन एक आजोबा चालले होते, ते थांबले, पाण्याकडं बघितलं आणि ओरडले, "ए उठा, पाणी गढूळ झालंय, वर पडलाय." आम्हाला काही कळेना पण त्यांचा आवाजच असा होता की आम्ही डबे तिथंच टाकून पोरांना उचलून काठावर आलो. आमच्या डोळ्यादेखत ज्या दगडावर माझी भाची बसली होती तो दिसेनासा झाला, पाच-दहा मिनिटं लागली असतील, जास्त नाही. त्या आजोबांचं नाव पण विचारायचं राहिलं, अजून मनात राहिलंय ते.

तेव्हा त्यांनी जे बघितलं ते तुम्हीपण बघायला शिका. नितळ पाणी अचानक लालसर-गढूळ झालं, काड्या-पाला-फेस वाहत यायला लागला, पाण्याचा आवाज जाड झाला, यातलं एक जरी झालं तर फोटो, डबा, चप्पल काही घ्यायला थांबायचं नाही, आणि पळायचं ते आडवं काठाकडं आणि उंचावर, पात्रातून खाली नाही. कोणी पाण्यात पडलंच तर मागं उडी मारायची नाही, एकाला वाचवायला गेले आणि दोघं-तिघं गेले हे आपण किती वेळा पेपरात वाचतो. दोर, ओढणी, लांब काठी, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडं टाका आणि ११२ ला फोन लावा, अॅम्ब्युलन्ससाठी १०८. गाडीच्या डिकीत एक पंधरा-वीस मीटरचा चांगला दोर ठेवायला काय लागतं, ठेवाच.

घरच्यांना सांगा की ताईंना विचारलं आणि त्यापण तुमच्याच बाजूनं बोलल्या. रागावू नका पोरांनो. भिजायचंय ना, तर कड्यावरून उडणाऱ्या तुषारात उभं राहा, दहा मिनिटांत चिंब होता.

प्रश्न : वय ७२, राहणार वैजापूर. पायांची तक्रार नाही, रोज ५ किलोमीटर चालतो. वेरूळला धबधबा असतो म्हणतात तो नेमका कुठं? एकट्यानं जावं का?

उत्तर : काका, आधी तुमच्या ५ किलोमीटरला नमस्कार. पावसाळ्यात वेरूळला कड्यावरून ठिकठिकाणी धारा लागतात, त्या समोरच्या वाटेवरून चालताना पण दिसतात. पण तुम्ही ऐकलंय तो बहुतेक २९ नंबरच्या लेण्याजवळचा, धुमार लेणं म्हणतात त्याला, शेजारीच एलगंगा कड्यावरून खालच्या कुंडात पडते, लोक त्या कुंडाला सीतेची न्हाणी म्हणतात. कैलास, म्हणजे १६ नंबर, ते बघून उत्तरेकडं डोंगराच्या कडेनं चालत जाता येतं, तुम्हाला ते अंतर काहीच नाही. पण जोराचा पाऊस झालेला असेल तर धारेजवळची वाट निसरडी होते, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याला विचारून मगच पुढं जा, त्यानं नको म्हणलं तर जैन लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यानं वळून या. शेवाळ आलेल्या दगडावर तरुण माणसाचा पण पाय टिकत नाही.

एकट्यानं नको. तुमच्या तब्येतीची शंका नाही, पण पाय मुरगळला तर हात द्यायला कोणी पाहिजे आणि त्या डोंगराच्या कुशीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. सकाळी फिरायला तुमच्याबरोबर येणारं कोणीतरी असेलच, त्यांना घ्या. वेरूळ मंगळवारी बंद असतं.

प्रश्न : तुम्ही दरवेळी अजिंठा-वेरूळ सांगता, आमच्या धाराशिव जिल्ह्याचं नावच घेत नाही. नळदुर्ग काय धबधबा नाही का? आणि येडशीच्या रामलिंगला लेकरांना घेऊन गेलं तर चालेल का, माकडांची भीती वाटते.

उत्तर : तक्रार मान्य, एकदम बरोबर आहे. नळदुर्गबद्दल तर मी कितीही वेळ बोलू शकते. तिथं बोरी नदी किल्ल्यातून जाते आणि आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, नदीला आडवी भिंत घालून त्या भिंतीच्या पोटातच पाणी महाल बांधला. वरचं बोरी धरण भरून सांडवा सुरू झाला की भिंतीवरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि आत महालात उभं राहिलं तर खिडकीसमोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी धरण बांधताना, इथं बसून पाणी बघावं असाही विचार केला, मला याचं फार अप्रूप वाटतं. हा नदीनं केलेला धबधबा नाही, माणसांनी केलेला आहे, पण त्यानं काही कमी होत नाही. सोलापूर-हैदराबाद हायवेलाच गाव लागून आहे, तुळजापूरचं दर्शन करून सहज होतं. धरण भरल्याशिवाय मात्र नर-मादी सुरू होत नाहीत, काही वर्षी तर होतच नाहीत, म्हणून आधी चौकशी करा. महालात उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि ओल्या असतात, लेकरांचा हात सोडू नका.

रामलिंगला बिनधास्त जा, मंदिराजवळच पाणी पडतं, झाडी दाट, लेकरांना खूप आवडेल. अभयारण्याचा भाग आहे तो, माकडं असणारच, त्यांच्याच घरात आपण जातोय. हातात पिशवी दिसली की ती येतात, विशेषतः कॅरीबॅगचा आवाज त्यांना बरोबर कळतो. धपाटे, दही, चटणी जे काय नेणार ते झाकणाच्या डब्यात घालून पाठीवरच्या बॅगेत ठेवा आणि डबा गाडीजवळ येऊनच उघडा. माकडानं काही ओढलंच तर सोडून द्या, ओढाताण केली तर चावतं. लेकरांना आधीच सांगून ठेवा की त्यांच्या डोळ्याला डोळा लावून दात दाखवून हसायचं नाही, माकडाला ते भांडण वाटतं.